पट्टीत न मावलेलं

३ फेब्रुवारी

बाबा,

पाया पडते, आणि पडल्या पडल्या भांडायला उठते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. आईला मध्ये घालून भांडावं तर ती दोन्हीकडचं निम्मं गाळते. म्हणून हा कागद.

आई म्हणाली, परवा संध्याकाळी फिटरकाका बुद्धिबळाचा पट काखेत मारून आले आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलंत. बाबा, अठरा वर्षं तुम्ही दोघं ओट्यावर बसून खेळताय. पंपघरात तुमच्या पायावर पाइप पडला तेव्हा सायकलवर बसवून दवाखान्यात नेणारा माणूस हाच ना? मला शाळेत घातलंत तेव्हा आपल्या घरात कुणाला फॉर्म भरता येत नव्हता. तो काकांनी भरला. जन्मतारीखसुद्धा त्यांनीच अंदाजाने टाकली, ती मी आजही सगळीकडे खरी म्हणून सांगते.

आईने कारण विचारलं तर म्हणालात, "तो वस्तीतला आहे. आता समजलं मला." काय समजलं? काका नव्या वस्तीत राहायला गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांचं कपाट हातगाडीवर तुम्हीच बांधून दिलंत. तेव्हा वस्ती दिसली नव्हती?

मी बरी आहे. खोलीत दुपारचं ऊन येतं, कपडे वाळतात. ऑफिसात मान मोडेपर्यंत काम असतं. उत्तर लगेच पाठवा, आणि "इकडील सर्व ठीक" असं लिहून कागद फुकट घालवू नका.

तुमची,
मी


९ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा चष्मा लावून.

मला विचारतेस काय समजलं? अगं, तूच तर समजावलंस. पंपाच्या घरघरीने माझे कान नेले. टीव्हीवर माणसं माशासारखी तोंडं उघडतात नि मिटतात, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला कळते ती खालून धावणारी पट्टी. आणि ती पट्टी माझी पोर लिहिते. दुसरीत असताना तू पंपघराच्या फरशीवर खडूने मला अक्षरं शिकवलीस, ती काय उगाच? सकाळी सात ते नऊ मी टीव्हीसमोरून उठत नाही. एखादी ओळ निसटली तर ती फिरून येईपर्यंत थांबतो. शेजारी आला तर सांगतो, सरक बाबा, पोरीचं पत्र आलंय.

आता तूच सांग, गेले चार आठवडे तू काय लिहितेस? "नव्या वस्तीच्या नळांमुळे शहर तहानलेलं." इथे आपल्या नळाला जेमतेम पाऊण तास पाणी. तुझी आई बादल्यांशी भांडते. आणि मी त्याच वस्तीतल्या माणसाबरोबर घोडे नाचवत बसू? फिटरला विचारलं, तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं? म्हणाला, वीस मिनिटं. माझी पोर खोटं लिहील, का तो खोटं बोलेल? मी हिशोब केला नि दार लावलं. लावताना तो म्हणाला (त्याचं तोंड मला वाचता येतं, सवय आहे), "कान गेले होते, आता डोकंही टीव्हीवर ठेवून आलास का?"

आता असं बोलल्यावर दार लावू नको तर काय आरती ओवाळू?

आई विचारते, तिकडे अंघोळीला गरम पाणी मिळतं का. मी म्हणतो, लिहीत राहा.

बाबा


१५ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं, आणि सुट्टी संपली तरी डबा तसाच.

एक प्रश्न विचारते. पंपघरातून टाकीकडे जाणारी मुख्य वाहिनी किती इंची? बारा. वस्तीकडे जाणारी नळी किती इंची? दोन. ती कुणी टाकली? तुम्ही, निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी, रीतसर अर्ज मंजूर झाल्यावर. मग दोन इंचांच्या नळीने एकशे चाळीस घरांनी अख्ख्या शहराचं पाणी पिऊन टाकलं? हे पंपघरात दुसरं कुणी बोललं असतं तर तुम्ही त्याला पान्याने हाकललं असतंत. जे स्वतःच्या हाताने जमिनीत पुरलंत त्यावर विश्वास नाही, आणि मी इतक्या लांब बसून, त्या वस्तीत पाऊलही न टाकता जे टाइप केलं त्यावर आहे? मला हसावं की रडावं कळत नाही. ऑफिसात दोन्ही करता येत नाही.

पट्टी मी एकटी लिहीत नाही, बाबा. ओळी येतात, वरचे मंजूर करतात, मी फक्त बसवते. ती माझं पत्र म्हणून वाचू नका. माझं पत्र म्हणजे हे.

आता कामाचं. वीस मार्चला तुमच्या प्रभागाची सभा आहे ना? वस्तीची जोडणी तोडायची की ठेवायची, यावर हात वर करून मत घेणार आहेत. आमच्याकडे तशी ओळ आली आहे. उन्हाळा तोंडावर आहे आणि तिथे लहान मुलं आहेत. पाण्याच्या बाबतीत तुमचा शब्द लोक मानतात. तो खर्च करण्याआधी एकदा फिटरकाकांशी बोला. एवढं माझं ऐका. ऐकू येत नाही म्हणू नका.

मी


२४ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. सोमवारी तुझ्या चॅनेलची माणसं येऊन गेली. जरासा उशीर झाला म्हणायचा.

मोठी गाडी, वर तबकडी. गल्लीतली सगळी पोरंसोरं गोळा. कुणीतरी त्यांना सांगितलं की इथे जुना पंपवाला राहतो. आईने मला इस्त्रीचा सदरा घालायला लावला आणि स्वतः पदर सारखा करून दाराआड उभी राहिली. माइकवाल्या मुलीने कागदावर लिहून विचारलं, "पाणी कोण पितं?" मी म्हटलं, एकतीस वर्षं पंप चालवलाय मी, सांगतो, वस्तीच पिते. ती खूश झाली. कशावरून म्हणता, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगणार होतो की तुमच्याकडेच माझी पोर आहे, ती लिहिते. मग वाटलं, नको. तुझ्या नोकरीला वशिल्याचा डाग नको.

मग तुझं पत्र आलं. दोन इंचाचं गणित बरोबर आहे. ते वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. पण एक गोष्ट मला पटली नाही. म्हणतेस, पट्टी मी लिहीत नाही, फक्त बसवते. मग लिहितं कोण? वरचे म्हणजे कोण? वस्तीमुळे पाणी तुटतं हे पहिलं बोललं कोण? ते तू लिहिलं नाहीस. मी जर साहेबांना म्हणालो असतो की व्हॉल्व्ह मी उघडला नाही, फक्त फिरवला, तर त्यांनी मला एकतीस वर्षं ठेवलं असतं का?

नीट उत्तर दे. आणि मला टीव्हीवर पाहिलंस तर सदरा कसा दिसतो ते आईला कळव.

बाबा


१ मार्च

बाबा,

सदरा चांगला दिसतो.

परवा अकराच्या शिफ्टला माझ्या पडद्यावर ओळ आली. "वस्तीच पाणी पिते, जुन्या पंपचालकाची साक्ष." शेजारच्या चौकटीत तुम्ही. मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, आणि ती ओळ बसवली. मीच बसवली.

शिफ्टचे साहेब मागे येऊन उभे होते. म्हणाले, "रोज कटकट करायचीस ना, पुरावा कुठे, पुरावा कुठे? घे. चालताबोलता पुरावा."

मी म्हणाले, "सर, ते माझे बाबा आहेत."

"अरे वा! मग तर प्रश्नच मिटला."

"त्यांना ऐकू येत नाही. ते फक्त आपली पट्टी वाचतात. आपण लिहिलं, त्यांनी वाचलं, वाचलेलं ते बोलले, आणि आता आपण त्यांचं म्हणणं पुरावा म्हणून दाखवतोय. सर, हे आपलंच आहे. आपणच आपल्याला साक्ष देतोय."

साहेबांनी चहा ढवळला. म्हणाले, "म्हणजे लोक आपली पट्टी इतकी मन लावून वाचतात? छान आहे की."

बाबा, तुम्ही विचारलंत, लिहितं कोण. मागच्या पत्रात मी अंग काढून घेतलं. आता सांगते. बारा जानेवारीला एका नगरसेवकाचं पत्रक आलं. त्याच्यावरून ओळ झाली : "नव्या वस्तीच्या नळांमुळे शहर तहानलेलं, नगरसेवकाचा आरोप." शब्द सात. आमच्या पट्टीत मोठ्या अक्षरांत सहा मावतात. एक शब्द जास्त होता. "नव्या" काढलं असतं तरी भागलं असतं. पण हाताला शेपटाकडून कापायची सवय असते. मी शेवटचे दोन शब्द काढले. वीस सेकंदही लागले नसतील. कोण म्हणालं ते गेलं, म्हणालेलं तेवढं राहिलं. साहेबांनी पाहिलं, म्हणाले, आता कशी झणझणीत झाली. मला बरं वाटलं, बाबा. शाबासकी मिळाली म्हणून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं आणि मी बोलले, तर म्हणाले, चाललीये ना, चालू दे. मी चालू दिली. पत्रक मी शोधून पुन्हा वाचलं. त्यात मोजणी नाही, कागद नाही, काही नाही. फक्त तो माणूस आणि त्याचं म्हणणं.

तुमची साक्ष मात्र सहा शब्दांत पूर्ण मावली.

फिटरकाकांना घेऊन मुख्य वाहिनीवर जा. हात जोडते. मला विचारू नका, टीव्हीला विचारू नका. पाणी कुठे जातं ते पाइपला विचारा.

मी


११ मार्च

पोरी,

आज मास्तरीण म्हणत नाही. चार दिवस तुझ्यावर रागावलो होतो. मग दोन दिवस स्वतःवर रागावून पाहिलं, त्यात मन रमेना, म्हणून परत तुझ्यावर आलो. दोन शब्द! मी गल्लीत छाती काढून सांगत फिरलो की माझी पोर लिहिते ते वेदवाक्य. तुझी आई म्हणाली, "तिने कापलं ते चुकलं. पण तुम्हाला दोन इंच नि बारा इंच तिने शिकवलं होतं का?" झालं. घरात मला ऐकू येत नाही ते बरं आहे, असं मी नेहमी म्हणतो, पण हे तिने माझा हात धरून, तोंड समोर आणून सांगितलं.

फिटरकडे गेलो. त्याने दार उघडलं, मला पाहिलं, आणि लावून घेतलं. फिटंफाट. मी पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळाने बाहेर आला तो हातात सळई घेऊनच. म्हणाला, "चल. तुला यायला सव्वा महिना लागला. मी म्हटलं होतं महिन्यात येशील. पैज हरलो." पैज कुणाशी लावली होती ते काही सांगेना.

सळईचं तुला ठाऊक नसेल. लोखंडी कांब असते. एक टोक पाइपवर टेकवायचं, दुसरं कानाला. आत गळती असेल तर पाणी सुसाटतं, ते ऐकू येतं. माझे कान गेले तेव्हापासून मी टोक दातात धरतो. दातातून जबड्याला, जबड्यातून डोक्याला कळतं. भर दुपारी आम्ही दोघं म्हातारे रस्त्याने पाइप चावत निघालो. लोक हसत होते. पहिला व्हॉल्व्ह शांत. दुसरा शांत. नाल्यावरच्या मोरीपाशी टेकवली नि जबडा झणझणला. फिटरने कान लावला, मान हलवली. वाहिनी मोरीखाली फुटलीय. पाणी सरळ नाल्यात जातं, वर एक थेंब दिसत नाही. किती महिने चाललंय देव जाणे.

पाणीखात्यात गेलो. तिथला इंजिनिअर म्हणाला (फिटरने मला तोंड हलवून फिरून सांगितलं), "काका, तुमचं बरोबर असेल. पण हे सगळं टीव्हीवर आलंय. सभेचा निर्णय होऊ द्या, मग खणू." मी म्हटलं, आधी खणा, मग सभा कशाला लागते? तो दुसऱ्या फाइलकडे वळला.

तुझी चूक तू निस्तर. माझी मी सभेत निस्तरतो.

बाबा


१८ मार्च

बाबा,

निस्तरली. किती ते तुम्हीच ठरवा.

तीन दिवस साहेबांच्या मागे लागले. म्हणाले, पाण्याचा विषय शिळा झाला. मी म्हणाले, सभा वीसला आहे, म्हणजे विषय ताजा आहे. म्हणाले, "दुरुस्ती दाखवली की लोकांचा विश्वास उडतो." मी विचारलं, "कशावरचा?" तर म्हणाले, तुला सुट्टीची गरज आहे. मग म्हणाले, गळतीचा पुरावा आण. मी म्हणाले, माझ्या बाबांचे दात. हसले. आरोपाला मात्र पुरावा लागला नव्हता, हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. पायऱ्या उतरताना सगळं सुचतं.

काल दुपारी दोन चाळीसला ते वरच्या मजल्यावर मीटिंगला गेले आणि मी ओळ टाकली. गळती मी पाहिलेली नाही, म्हणून गळतीचं लिहिलं नाही. मला पक्कं माहीत होतं तेवढंच लिहिलं : "दुरुस्ती : वस्तीमुळे टंचाई हा फक्त आरोप." सहा शब्द. लाल रंगात. पट्टीचा एक फेरा चार मिनिटांचा असतो. तीन फेरे झाले आणि साहेब जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत आले. चूक दोन महिने चालली, दुरुस्ती बारा मिनिटं.

मला काढलं नाही. हवामानावर टाकलंय. उद्यापासून शहरांची नावं आणि पुढे तापमान. शेजारचा म्हणाला, "सुटलीस. तापमानाला विचारसरणी नसते."

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे. अर्धा दिवस वाटतं द्यावा, अर्धा दिवस वाटतं घरभाडं. तुम्ही सांगा. आणि ती ओळ पाहिलीत का? तुम्ही पाहिली असेल तर मला तेवढं पुरे.

सभेत सावकाश बोला. रागावलात की तुम्ही फार ओरडता, तुम्हाला कळत नाही.

मी


२ एप्रिल

मास्तरीणबाई,

पत्राला उशीर झाला. कारण वाचशीलच.

तुझी ओळ मी पाहिली नाही. त्या वेळी मी नि फिटर घरोघर फिरून लोकांना मोरीपाशी चला म्हणून सांगत होतो. आले तिघं. ओळ आईने पाहिली. ती टीव्हीसमोर बसली होती. तिला वाचता येत नाही. संध्याकाळी म्हणाली, "एक लाल ओळ तीनदा गेली, मला वाटलं पोरीची असणार." इतकंच.

सभेत मी उभा राहिलो. सावकाश बोललो. मोरी सांगितली, दोन इंच नि बारा इंच सांगितलं, मी चुकीचं बोललो तेही सांगितलं. तर पुढच्या बाकावरच्या एकाने फोन वर धरला. त्यात मी. इस्त्रीचा सदरा. "वस्तीच पिते." लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे त्या फोनातल्या मला. तो माणूस म्हणाला (शेजारून फिटर मला तोंड हलवून सगळं सांगत होता), "काका, तेव्हा खरं बोललात की आता? वस्तीवाल्यांनी दम दिला का?" फोनातला मी माझ्यापेक्षा ठणठणीत बोलत होता. मी म्हटलं, ते मी टीव्हीत वाचलं होतं. तर म्हणाले, आम्हीही तिथेच वाचलंय, मग?

जोडणी ठेवा म्हणणारे हात नऊ. तोडा म्हणणारे मोजलेच नाहीत, गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी तोडली.

मी आपल्या नळाला रबरी नळी लावून वस्तीवाल्यांना रस्त्याच्या कडेला पिंप भरू दिलं. तीन दिवसांनी नोटीस, सहाव्या दिवशी आपलीही जोडणी तोडली. तोडायला आलेला गडी माझ्याच हाताखाली शिकलेला. बिचाऱ्याचा पाना सारखा घसरत होता. शेवटी मीच म्हटलं, अरे, खालून धर. आता सकाळी वस्तीच्या टँकरला रांगेत उभे असतो. तुझ्या आईने पहिल्याच दिवशी तिघींशी भांडण केलं, म्हणजे रुळली. वाहिनी अजून फुटकीच आहे. गंमत बघ, वस्ती तोडून बारा दिवस झाले तरी शहराला पाणी पाऊण तासच येतं. आता लोक म्हणतात, वस्तीवाले चोरून घेत असणार.

राजीनाम्याचं. देऊ नकोस. तुझ्या जागी जो बसेल त्याला कापताना कुणाचा बाप दिसणार नाही. तुला दिसेल. तापमान तर तापमान, पण परवा तू इथलं चौतीस लिहिलंस ते मला पटलेलं नाही. कुणी मोजलं, कुठे मोजलं, ते कळव.

काल तुझ्या चॅनेलची गाडी परत आली, रांगेचं चित्र घ्यायला. माइकवाली तीच. मला ओळखलं नाही, सदरा मळका होता. मी कानाकडे बोट दाखवलं, तशी तिने फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरलं : "पाण्याबद्दल काय वाटतं? थोडक्यात सांगा."

मी म्हटलं, पोरी, माइक ठेव नि ही बादली उलटी करून बस. थोडक्यात सांगूनच ही रांग लागलीय.

ती घड्याळ बघून फिटरकडे वळली. फिटर तिला म्हणाला, "मोरी इथून दहा मिनिटांवर आहे. चालत येतेस का?"

बाबा